पाकिस्तानची खारीक बंद झाली, पण खिसा कोणाचा हलका झाला?

दुकानवाली_नरखेड

नमस्कार मंडळी. नरखेड तालुक्यातल्या एका गावात आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलेलं, आता गल्ल्यावर मी बसते.

परवा एक काकू लेकीच्या बाळंतपणाच्या लाडवाचं सामान घ्यायला आल्या. डिंक, खोबरं, गोडंबी, खारीक. खारकेचा भाव ऐकून दोन किलोची यादी एका किलोवर आली. मी पुडा बांधतच होते, तर ओट्यावर बसलेला एक पोट्टा म्हणाला, "काकू, पाहून घ्या जी, पाकिस्तानची तं नाही?" काकूंनी हात मागं घेतला. मी पेटी ओढून दाखवली. पेटीवर दुबईचं नाव. पोट्टा हसला, "दुबईत वाळू पिकते, खारीक नाही." काकू खारकेशिवायच लाडू करते म्हणून निघून गेल्या.

२ मे २०२५ पासून पाकिस्तानातून थेट किंवा फिरवून काहीच आणायचं नाही हा नियम मला माहीत आहे. पहलगामनंतर तो का आला तेही सांगायला नको. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शेजारच्या देशाचा माल बंद केला की पैसा नेमका कोणाच्या खिशातून जातो? त्यांच्या, की खारीक न घेता गेलेल्या काकूंच्या? २०१९ लाही हेच झालं होतं. पाव किलो मागणाऱ्या बाया शंभर ग्रॅम मागू लागल्या, ओटीत पाच खारकांच्या जागी एक आली. राजकारण नको, हिशेब सांगा.

ठेचा_भाकर

हिशेब पायजे अन् धागा काढला? इथं हिशेब सोडून सारं भेटते ताई.

माजी_सुभेदार

ताई, तुमचा प्रश्न सरळ आहे म्हणून सरळ उत्तर देतो. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात जे जवान गेले त्यात आमच्या बुलडाणा जिल्ह्यातले दोघं होते. त्या दिवशी जिल्ह्यात किती घरी चूल पेटली नाही हे मी पाहिलं आहे. दोन दिवसांनी सरकारनं पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं तेव्हा आमच्या घरात कोणी खारकेचा भाव विचारला नाही. लाडवात खारीक कमी पडली तर गूळ जास्त घाला. काही गोष्टी तराजूत घालायच्या नसतात.

अर्थाचा_अनर्थ

सुभेदार काका, तुमच्या भावनेबद्दल वाद नाही. पण ताईंनी तराजूच मागितला आहे, तर जरा तोलून पाहू. (अमरावतीला एम.ए. अर्थशास्त्र करतोय, चुकलो तर कान धरा.)

२०१८-१९ साली आपण पाकिस्तानातून साधारण ४९ कोटी डॉलरचा माल घेतला आणि त्यांना २०० कोटी डॉलरहून जास्तीचा विकला. म्हणजे आपण विकणारे होतो, ते घेणारे. त्या वर्षीची आपली जगभरातली एकूण आयात ५१ हजार कोटी डॉलरच्या घरात. शंभर रुपयांच्या आयातीत पाकिस्तानचे जेमतेम दहा पैसे! त्यांच्याही एकूण निर्यातीत भारताचा वाटा दोनेक टक्केच होता. त्यामुळे 'आयात बंद केली, आता त्यांचं कंबरडं मोडलं' हे जितकं पोकळ, तितकंच 'आपली महागाई वाढली' हेही पोकळ.

आणि २०० टक्के शुल्कानंतर ती आयात आधीच आटली होती. २०२५ च्या आदेशानं थेट मालाला फारसं काही झालं नाही, तिथं बंद करायला उरलंच काय होतं? त्यातला खरा जोर 'फिरवून' या शब्दावर आहे. ताईंची पेटी त्या शब्दात अडकली आहे.

ठेचा_भाकर

दहा पैसे! एवढ्या दहा पैशासाठी आमच्या गावात दोन पानठेल्यांवर बोलचाल बंद आहे राजेहो.

शारजा_रिटर्न

त्या पोट्ट्याला सांगा, दुबईकडे खजूर पिकतो, आणि भरपूर पिकतो. सहा वर्षं शारजात काढली आहेत. पण तो खाण्याचा मऊ खजूर. आपल्याकडे ओटीत लागते ती टणक, सुरकुतलेली खारीक मुख्यतः सिंधमधल्या खैरपूरची. तिथं पावसाच्या भीतीनं फळ अर्धपिकं असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. म्हणून ती वर्षभर टिकते.

मग आपल्याकडे का होत नाही? कच्छमध्ये खारकेच्या बागा आहेतच की. पण फळ तयार व्हायला आणि पाऊस यायला एकच गाठ. म्हणून तिथले लोक ती पिवळी-लाल असतानाच ताजी विकतात. वाळवायला ऊन मिळतच नाही. निसर्गानं केलेली ही बंदी कोणत्याही अधिसूचनेनं उठत नाही.

आजीचा_बटवा

हे वाचून फार बरं वाटलं. आमची आजी म्हणायची, खारीक कराचीची आणि सुपारी कोकणची. मला वाटायचं कराची आपल्या वर्ध्याच्या पलीकडे कुठंतरी आहे.

अवांतर: उपवासाच्या सैंधव मिठाचंही तेच आहे ना? खेवड्याची खाण पाकिस्तानच्या पंजाबात. एकादशीला आपण आजवर काय खात होतो बघा.

ठेचा_भाकर

म्हंजे देवाले सगळं माहीत होतं, आपल्यालेच नोतं.

माजी_सुभेदार

सैंधव हिमाचलातही निघतं. मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुमा इथं खाणी आहेत. आम्ही तिकडे पोस्टिंगला असताना पाहिल्या. मीठ थोडं काळपट असतं, गुलाबी नसतं. गुलाबी नसलं तर उपवास मोडतो का?

आजीचा_बटवा

काका, मोडत नाही. पण आता फोटोत गुलाबीच पाहिजे असतं.

जिनवाला_हिंगणघाट

धागा खारीक-मिठातच फिरतोय. विदर्भात बसून पाकिस्तानच्या व्यापाराबद्दल बोलायचं आणि कापसाचं नाव नाही? आपल्या आयातबंदीचा आपल्याला काही फरक पडला नाही, हे बरोबर. फरक पडला तो ऑगस्ट २०१९ मध्ये, पाकिस्ताननं उलट व्यापार बंद केला तेव्हा. त्यांच्याकडे सूतगिरण्या भरपूर आणि पीक दिवसेंदिवस कमी. २०१५-१६ ला त्यांचं पीक बसलं तेव्हा आपल्या गाठी तिकडे लाखांनी गेल्या. जवळचा देश, भाडं कमी, माल लवकर पोचतो. ब्राझील-अमेरिकेच्या गाठीला समुद्रावर महिना-दीड महिना जातो.

मग ३१ मार्च २०२१ ला त्यांच्या सरकारच्या आर्थिक समितीनं ठरवलं की भारतातून कापूस आणि साखर घ्यायची. आमच्याकडे फोन सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळानं ते फिरवलं. तारीख १ एप्रिल.

ठेचा_भाकर

असा एप्रिल फूल आजवर कोणीच केला नसन.

पऱ्हाटी

जिनवाले भाऊ, एक गोठ इचारतो, राग नका मानू. ३१ मार्चले आमच्या घरात कापूस असते का? कास्तकार दिवाळीले पहिली वेचणी इकते, संक्रांतीपर्यंत अर्धा रिकामा होते, बँकेचे अन् कृषी केंद्राचे पैसे फेडून घरी शंभर किलो कापूस राहिला तं राहिला. मार्चमध्ये पाकिस्ताननं घ्यायचं म्हटलं असतं तं भाव कोणाले भेटला असता? तुमच्या गोडाऊनमधल्या गाठीले. आमच्या पोट्ट्याले नाई.

माझं वावर घाटंजीकडे आहे, कोरडवाहू. मले पाकिस्तान घेते का बांगलादेश घेते हे कधी कळलंच नाई. मले कळते खेडा खरेदीवाल्याचा काटा.

जिनवाला_हिंगणघाट

राग कशाला भाऊ. मार्चचं तुमचं म्हणणं मान्य. पण पूर्ण नाही. निर्यातीचे सौदे मार्चमध्ये होत नाहीत, ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच पुढच्या महिन्यांचे होतात. त्या वेळी बाहेरचा एक मोठा गिऱ्हाईक बाजारात असला की आम्हाला रुईच्या खंडीमागे दोन पैसे जास्त मिळण्याची खात्री असते, आणि मग आम्ही यार्डात बोली वाढवतो. गिऱ्हाईक नसला की आम्ही हात आखडतो. काटा मारणाऱ्याचं समर्थन मी करत नाही, पण बोली कुठून येते तेही पाहा. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक तुम्हाला कळत नाही कारण तो 'न मिळालेला' पैसा असतो. न मिळालेल्या पैशाची पावती कोणी देत नाही.

पऱ्हाटी

हे पटलं. पावतीचं पटलं. बाकी काट्याचं उधार राहिलं.

वैदर्भीय_पुणे

चांगली चर्चा. पण मला एक कळत नाही. पाकिस्ताननं कापूस घेणं बंद केलं तरी २०२२ च्या सुरुवातीला कापूस १० हजारांच्या वर गेलाच की. मग बंदीचा परिणाम कुठं गेला?

अर्थाचा_अनर्थ

जगातच कापूस तुटला होता हो त्या वर्षी. पूर आला की गावातल्या कोणत्या नळाला पाणी नाही हे कळत नाही. उन्हाळ्यात कळतं.

संत्राबाग_मोर्शी

सगळे पाकिस्तान पाकिस्तान करताहेत. आमच्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात विचारा, कोणत्या शेजाऱ्यानं रडवलं. बांगलादेशनं.

आमचा संत्रा टिकत नाही. पातळ सालीचा, रसाळ, आठ-दहा दिवसांत खायला लागतो. दूर युरोपला पाठवायचा तर तसा नाही. म्हणून पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकनं थेट बांगलादेश, ही आमची मोठी बाजारपेठ. २०१९ ला त्यांनी किलोला २० रुपयांच्या आसपास आयात शुल्क लावलं, मग दरवर्षी वाढवत नेलं, २०२३ ला ते ८८ रुपयांवर गेलं. बागेत व्यापारी किलोला वीस-पंचवीस देताना कुरकुर करतो आणि नाक्यावर त्याच्यावर ८८ रुपये! याला बंदी म्हणत नाहीत, पण बंदी आणखी कशी असते? त्या हंगामात राज्य सरकारनं निम्म्या शुल्काइतकी, किलोला ४४ रुपये मदत जाहीर केली. ती निर्यातदाराच्या नावावर. बागेच्या धुऱ्यावर काय पोचलं ते मला विचारू नका.

आंबिया बहार तोडणीला आला की झाडावर ठेवता येत नाही, ठेवला तर गळतो आणि पुढच्या बहाराची फूट बिघडते. माझ्याकडे एका वर्षी चाळीस क्रेट रस्त्याच्या कडेला ओतले. गाई पण दोन दिवसांनी तोंड फिरवतात, आंबट लागते त्यांना.

ताई, तुमच्या काकूंनी खारीक घेतली नाही, लाडू तरी झाले. समोरच्यानं दार लावलं तर आमच्यासारख्याचा माल नासतो. दार कोण लावतंय यावर सगळं आहे.

दुकानवाली_नरखेड

भाऊ, आमचं नरखेडही संत्र्याचंच. मी विचारलं खारकेबद्दल, पण तुमचं वाचून आमच्या दुकानाच्या वहीतली उधारी डोळ्यांपुढे आली. ज्या वर्षी संत्रा ओततात त्या वर्षी वही जाड होते.

ठेचा_भाकर

बांगलादेशनं असं काहून केलं पण? आपण त्याचं काय बिघडवलं?

सडकेवरचा

मी ट्रक चालवतो. वरूडहून संत्रा, नाशिककडून कांदा, दोन्ही पेट्रापोलला नेलंय. सांगतो काय बिघडवलं.

सप्टेंबर २०१९ ला आपण एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली. नाक्यावर माझ्यापुढे ट्रकची रांग लागलेली, कांद्याला कोंब फुटून वास सुटला. पलीकडचा माल घेणारा माणूस ओळखीचा होता. तो म्हणाला, दादा, तुम्ही मनात आलं की बंद करता, मग आम्ही मिसरहून आणतो, चीनहून आणतो. त्याच सुमारास त्यांच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्या हसत म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला सांगितलंय, भाजीत कांदा टाकू नको. आपल्याकडे टीव्हीवर सगळे हसले. तो नाक्यावरचा माणूस हसत नव्हता.

संत्र्यावरचं शुल्क त्याचाच राग होता असं मी छातीठोक म्हणत नाही. पण आमच्या लाइनीत सगळे तसंच समजतात.

माजी_सुभेदार

कांदा आणि पाकिस्तान एका पंगतीत बसवू नका. कांद्याची बंदी मतांसाठी होती, पाकिस्तानची बंदी गोळीला उत्तर आहे.

अर्थाचा_अनर्थ

काका, कारण वेगळं आहे, मान्य. पण ट्रकात कोंब फुटताना कांद्याला कारण कळत नाही.

संपादक

धाग्याचं काश्मीर होण्याची चिन्हं दिसताहेत. पक्ष, मतं, नेते यांवरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ प्रश्न आर्थिक आहे.

मास्तर_निवृत्त

संपादक महोदय, इतिहास चालेल ना? चौतीस वर्षं तोच शिकवला.

या दोन देशांतली पहिली व्यापारबंदी गोळीवरून नव्हे, रुपयावरून झाली. फाळणीत तागाची शेतं पूर्व बंगालात गेली आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्यात राहिल्या. कापसाचंही तसंच, चांगला लांब धाग्याचा कापूस सिंध-पंजाबात आणि गिरण्या मुंबई-अहमदाबादला. १९४८-४९ साली पाकिस्तानची निम्म्याहून अधिक निर्यात भारतात येत होती. आज हे सांगितलं तर पोरं खोटं समजतात.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं, भारतानं रुपयाचं केलं, पाकिस्ताननं नकार दिला. म्हणजे त्यांच्या शंभर रुपयांना आपले १४४ मोजा. आपण म्हणालो, मोजत नाही. व्यापार ठप्प! गिरण्यांना ताग मिळेना, तिकडच्या शेतकऱ्याचा ताग पडून. १९५१ च्या फेब्रुवारीत समझोता झाला, पण तोवर दोघांनी आपापली सोय केली होती. आपण बंगाल, बिहार, आसामात तागाचा पेरा वाढवला. त्यांनी नारायणगंजला आदमजी ज्यूट मिल उभारली, ती पुढे जगातली सर्वांत मोठी म्हणवली गेली. पुन्हा ती जुनी घडी बसली नाही.

माझ्या मते बंदीचा खरा परिणाम पहिल्या वर्षीच्या भावात दिसत नाही. लोक दुसरी वाट शोधतात आणि त्या वाटेवर घरं बांधतात, तिथं दिसतो. मग तुम्ही दार उघडलं तरी कोणी परत येत नाही. संत्राबागवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. उद्या बांगलादेशनं शुल्क शून्य केलं तरी तिथल्या पोराला दुसऱ्या फळाची चव लागलेली असेल.

संत्राबाग_मोर्शी

मास्तर, तुम्ही तर बहाराच्या फुटीवरच गारपीट केली.

वैदर्भीय_पुणे

मास्तरांचा प्रतिसाद जपून ठेवला. आता चीनबद्दल कोणी बोलेल का? २०२० ला गलवान झाल्यावर आमच्या सोसायटीत चिनी माळा जाळल्या होत्या.

अर्थाचा_अनर्थ

त्या माळा जाळल्या आणि पुढच्या दिवाळीला नव्या आल्या. २०१९-२० ला चीनमधून आयात ६५०० कोटी डॉलर होती, २०२४-२५ ला ११,३०० कोटींच्या वर गेली. ५९ ॲप बंद केली ती जून २०२० मध्ये, कारण ॲपला पर्याय होता. औषधांचा कच्चा माल, सोलर पॅनल, कीटकनाशकांची मूळ रसायनं यांना नव्हता. पाकिस्तानचे दहा पैसे सोडणं सोपं, चीनचे सोडता येत नाहीत. यात भ्याडपणा नाही आणि शौर्यही नाही, ज्याच्यावाचून आपलं अडतं त्याच्याशी भांडण बेतानं होतं, इतकंच.

पऱ्हाटी

अन् तेच चीननं आपल्याले दाखवलं ना. डीएपी खत कमी पाठवलं. २०२५ च्या खरिपात मी १३५० च्या बोरीसाठी तीन दिवस फिरलो. एका कृषी केंद्रानं सांगितलं, डीएपी पायजे तं सोबत दोन बाटल्या घ्या. लिंकिंग! त्या बाटल्या अजून माझ्या कोठ्यात पडल्या आहेत. कशाच्या आहेत हे दुकानदारालेही सांगता आलं नाई.

ठेचा_भाकर

चायना लसणाचं सांगा न कोणी. २०१४ पासून बंद आहे म्हणतात, अन् बाजारात मुठीएवढी पाकळी दिसते.

सडकेवरचा

नेपाळमार्गे येतो. तो नेणारे आम्ही नाही, हे आधीच लिहून ठेवतो. पण मागच्या हिवाळ्यात गावठी लसूण चारशेला गेला तेव्हा बंदी किती पाळली जाते ते ढाब्यावरच्या फोडणीत कळत होतं.

माजी_सुभेदार

हेच मला म्हणायचं होतं. बंदीला माझा पाठिंबा आहे, राहील. पण बंदी घालायची आणि मागच्या दारानं माल येऊ द्यायचा, तर मग जास्तीचे पैसे जातात कोणाकडे? शेतकऱ्याकडे नाही, जवानाकडे नाही. मधल्याकडे. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचरांनी न्हावा-शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत नऊ कोटींच्या आसपास. पाकिस्तानचा माल, कागदावर दुबईचा. त्यात सुकी खारीक होती. ताई, तुमच्या ओट्यावरच्या पोट्ट्याचं भूगोल कच्चं असेल, पण नाक बरोबर आहे.

शारजा_रिटर्न

काका बरोबर बोलले. दुबईत फक्त कंटेनर बदलतात, कागद बदलतात आणि भाडं दोनदा लागतं. ते दुसरं भाडं आणि जोखमीचा नफा काकूंच्या लाडवात येतो. खैरपूरच्या मजुराला पूर्वीपेक्षा कमीच मिळत असणार, काकूंना जास्त पडतं, आणि मधला फरक ज्याच्याकडे जातो त्याला दोन्ही देशांचं काही पडलेलं नसतं.

जिनवाला_हिंगणघाट

म्हणजे काटा मारणारे सगळीकडे आहेत. :)

पऱ्हाटी

उधार फिटलं, जिनवाले भाऊ.

अन् एक राहिलंच. शेजाऱ्याची आयात बंद करण्याचा एवढा गाजावाजा, अन् ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क गुपचूप काढलं. आधी सप्टेंबरपर्यंत म्हणे, मग डिसेंबरपर्यंत. नेमका आमचा कापूस घरात येते तेव्हा. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० लिहिलेला होता कागदावर. जो माल बंद केला थो आम्ही पिकवतच नाई, अन् जो आम्ही पिकवतो थ्याले दार सताड उघडं केलं. मले सांगा, माया पऱ्हाटीचा शत्रू कोण?

वैदर्भीय_पुणे

गिरण्यांना अमेरिकेच्या तेव्हाच्या ५० टक्के शुल्काचा फटका बसला म्हणून ते काढलं. त्यांनाही कच्चा माल स्वस्त हवा ना.

पऱ्हाटी

सगळ्यायले कच्चा माल स्वस्तच पायजे भाऊ. आम्हीच तो कच्चा माल.

अर्थाचा_अनर्थ

यावर माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर आहे, पण ते इथं टाकायची लाज वाटते.

आजीचा_बटवा

ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ का जरा? काकूंचं काय झालं शेवटी? बाळंतिणीला लोह पाहिजे असतं, खारीक नसेल तर काळा खजूर, आळीव, गूळ, खसखस घाला. बिब्बा फोडून निघणारी गोडंबी आपली आहेच, ती कोणी बंद करत नाही. फक्त फोडणाऱ्या बायांच्या बोटांना बिब्बा उततो, त्यांना कोण भाव देतं हा वेगळा धागा होईल.

दुकानवाली_नरखेड

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून माझा हिशेब असा झाला. आपण बंद केलं त्यात देशाचं फार काही गेलं नाही, काकूंचं थोडं गेलं, आणि ते थोडंही पलीकडच्या गोळीवाल्यापर्यंत पोचलं की मधल्यानं खाल्लं हे पेटीवर लिहिलेलं नसतं. संत्र्याचं मात्र आमच्याच गावाचं गेलं. सुभेदार काका, तुमचं मन दुखवायचं नव्हतं. तुम्ही म्हणता तसं, बंदी असेल तर ती खरीच असू द्या.

काल नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला फोन केला, मूळ देशाचा कागद दाखवा म्हटलं. तो म्हणाला, "वहिनी, वीस वर्षांत असं कोणी विचारलं नाही." कागद आलेला नाही. ती पेटी मी मागे ठेवली आहे, विकत नाही. दोन हजारांच्या वर अडकले, पण जाऊ द्या.

आणि काकू आल्या होत्या. लाडू झाले, त्यांनी काळा खजूर घातला. एक आणून दिला मला. चांगला झालाय, फक्त दाताला चिकटतो. तो पोट्टाही ओट्यावरच होता, त्यानं दोन खाल्ले.

ठेचा_भाकर

खजूर कुठचा होता पण?

दुकानवाली_नरखेड

इराणचा. पुड्यावर तरी तसंच लिहिलंय.